मुका खांब

उदगीरला उन्हाळा चढला की दुपारी कुत्रीसुद्धा रांजणाच्या बुडाशी ओल शोधत पडतात. अशा दिवसांत मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसणारी बाई सगळ्या गल्लीत एकच होती. मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीवर बसणाऱ्या मल्लेश बिरादारांची बायको अंजू. घामानं सुया निसटायच्या, लोकर बोटांना चिकटायची, तरी ती पदरानं हात पुसून पुढचा टाका घालायचीच.

हे वेड तिला माहेरी, नायगावला लागलं. तिथल्या बालवाडीच्या बाईंनी तिच्या हातात एकदा सुया दिल्या आणि तेव्हापासून तिच्या बोटांना उसंत म्हणून मिळाली नाही. एसटीत जागा मिळाली की पिशवीतून विणकाम निघे. मठात प्रवचन चालू असलं तरी डोळे स्वामींकडे आणि बोटं पदराखाली चालू. घरातल्या मिक्सरला, फ्रिजच्या मुठीला, पाण्याच्या फिल्टरला, रेडिओला, एवढंच काय देव्हाऱ्यातल्या घंटेलासुद्धा तिनं खोळी घातल्या होत्या. मल्लेश मोंढ्यात सांगायचा, घरात फार वेळ एका जागी बसायची सोय राहिलेली नाही, उठेपर्यंत माणसाला खोळ चढलेली असते.

अंजूला स्वतःला विचारलं तर ती म्हणायची, विणण्यापेक्षा उसवण्यात जास्त सुख आहे. एक धागा ओढला की चूक सरसर निघून जाते, सूत जसंच्या तसं हातात येतं, आणि कुणी नाव ठेवत नाही. संसारात असं काय मिळतं?

तिच्या या नादाला घरात एकाच माणसाचा विरोध होता, आणि ते माणूस साधंसुधं नव्हतं. थोरली जाऊ सिद्धम्मा. थोरले दीर मडिवाळप्पा वारल्यावरही घर सिद्धम्माच्याच शब्दावर चाले. पहाटे अंघोळ, लिंगपूजा, त्याआधी कुणी शिवायचं नाही. अंगावर गर्द रंगाचं इरकल लुगडं, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला, आणि त्याच्या आत छातीवर चांदीच्या चौक्यात, त्या छोट्या डबीत, इष्टलिंग. दोऱ्यात दोरा अडकवायचा, ह्याला काम म्हणत्यात व्हय, असं ती अंजूकडे न बघता म्हणायची. अंजू तिला अक्का म्हणे आणि तिच्या पावलांचा आवाज आला की गुंडा पिशवीत कोंबे.

सिद्धम्मा कुणाला जवळ घेत नसे. एकुलत्या एका लेकीला, सिंधूला, निलंग्याच्या घरी पाठवणी करताना मांडवातल्या साऱ्या बायका गळ्यात पडून रडल्या. सिद्धम्मानं तेवढा तिच्या डोक्यावर हात ठेवला. लोक म्हणाले, बाई सोवळ्याची आहे, लिंगाला दुसऱ्याचा स्पर्श नको असतो. नवी सून म्हणून तेव्हा नुकत्याच घरात आलेल्या अंजूलाही ते पटलं. पुढं वीसेक वर्षं ते तसंच पटत राहिलं.

अंजूच्या बहिणीची मुलगी साक्षी नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स होती. कॅन्सरच्या बायकांच्या वॉर्डात तिचं काम. एका रविवारी ती उदगीरला आली, जेवली, आणि घरातली माणसं पांगल्यावर मागच्या पडवीत मावशीजवळ बसली. पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिनं अंजूच्या हातात दिली.

क्रोशानं विणलेलं, गोल, मऊ, आत कापूस भरलेलं काहीतरी होतं. अंजूनं आधी टाके बघितले, ती सवयच. टाके एकसारखे, घट्ट होते. मग तिनं ते उलटं-पालटं केलं. बाळाचं टोपरं म्हणावं तर आत कापूस कशाला? टाचण्या टोचायची उशी असेल.

साक्षीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि आपल्या छातीशी धरलं.

अंगावर पाल पडल्यासारखी अंजू मागं सरकली. साक्षीनं पुन्हा ते तिच्यापुढं धरलं तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

साक्षी शांतपणे सांगत राहिली. ऑपरेशनमध्ये ज्या बायकांचा स्तन काढावा लागतो त्यांच्यासाठी हे असतं. दुकानात रबरासारखे मिळतात, पण ते महाग, जड, आणि आपल्याकडच्या उन्हात अंगाला भाजतात. म्हणून काही ठिकाणी बायका सुती दोऱ्यानं हे विणतात आणि ज्यांना लागतील त्यांना तसेच देऊन टाकतात. आपल्या वॉर्डात नायगावच्या, देगलूरच्या, देवणीच्या बायका येतात. चिंध्या भरतात, मोजे भरतात. मावशी, तुझ्या हाताला हे किती वेळाचं काम?

अंजू म्हणाली, टोप्या माग, मोजे माग, अख्ख्या वॉर्डाला स्वेटर घालते. पण हे असलं या घरात व्हायचं नाही. अक्कांना कळलं तर त्या मला उंबऱ्याबाहेर काढतील.

साक्षीनं आग्रह केला नाही. निघताना तो नमुना तिनं तिथंच ठेवला आणि जाता जाता एका बाईची गोष्ट सांगितली. प्राथमिक शाळेतल्या मास्तरीण बाई. ऑपरेशननंतर शाळेत जाऊ लागल्या, पण दिवसभर पर्स छातीशी धरूनच शिकवतात. फळ्यावर लिहायचं सोडून दिलंय, कारण लिहायला हात वर करावा लागतो.

अंजूनं तो नमुना तांदळाच्या डब्यात खोल पुरला. पुढचे काही दिवस ती एका तोरणावर काम करत होती, पण हात ऐकेनात. सरळ पट्टी विणायला घ्यावी आणि बघावं तर ती गोल फिरलेली. डोळ्यांपुढं ती मास्तरीण आणि कोरा फळा. शेवटी ती भुजंगच्या दुकानात गेली आणि गव्हाळ रंगाचं सुती दोऱ्याचं बंडल मागितलं. भुजंगनं सहज विचारलं, एवढ्या गव्हाळ दोऱ्याचं काय करणार? अंजूनं सांगितलं, बाहुल्या. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या.

काम कठीण नव्हतं. मधोमध साखळीचं छोटं कडं करायचं आणि त्याच्याभोवती मुक्या खांबाच्या फेऱ्या वाढवत न्यायच्या. मुका खांब म्हणजे क्रोशातला सगळ्यांत बुटका टाका. त्याला जाळी पडत नाही, फट राहत नाही, आत भरलेलं बाहेर डोकावत नाही. तोरणात, रुमालात त्याला कुणी विचारत नाही, तिथं उंच खांबांची नक्षी लागते. इथं मात्र सगळं त्याच्यावरच होतं.

पहिला तयार झाला तोच मल्लेशच्या हाती लागला. विसरलेला चष्मा घ्यायला तो मोंढ्यातून परत आला होता. खिडकीतली ती वस्तू उचलून, बोटावर फिरवून त्यानं विचारलं, ही कशाची खोळ? अंजूनं सांगितलं. नवऱ्याशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. मल्लेशनं ती वस्तू तव्यावरून उतरवल्यासारखी अलगद खाली ठेवली आणि चष्मा न घेताच तो निघून गेला. संध्याकाळी जेवताना ताटातून मान वर न करता तेवढं म्हणाला, "अक्काच्या नजरेला पडू देऊ नको."

आणि नेमकं तेच झालं. मठातले स्वामी कुणाच्या तरी अंत्यविधीला गेल्यानं प्रवचन झालं नाही. सिद्धम्मा अर्ध्या वाटेवरून परत आली. अंजू स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती, दोन तयार झालेले शेजारी सुपात आणि तिसरा हातात. पावलांचा आवाज आला तेव्हा फार उशीर झाला होता.

"काय हाय ते?"

अंजू उभी राहिली. मांडीवरचा गुंडा घरंगळत सिद्धम्माच्या पायाशी गेला. थापा मारायच्या तर तोंडात शब्द तरी पाहिजेत. तिनं खाली बघत सगळं सांगून टाकलं. दवाखान्यातल्या बायकांसाठी आहे, ज्यांचं काढून टाकलेलं असतं त्यांच्यासाठी. साक्षीनं सांगितलं म्हणून. आता आभाळ कोसळणार, हे तिनं धरलंच होतं.

सिद्धम्मा वाकली. सुपातला एक उचलून तिनं दाबून बघितला, पालथा केला, तळहातावर तोलला.

"आत काय भरलीस?"

"उशीतला कापूस, अक्का."

"हलकं हाय. वर सरकंल."

एवढं बोलून ती आपल्या खोलीकडं गेली. अंजूला त्या शब्दांचा अर्थच लागेना. मग आतून हाक आली, "अंजू, आत ये. कडी लाव."

दार लावून बोलायचं म्हणजे मोठंच काहीतरी, असं समजून अंजू आत गेली. सिद्धम्मा तिच्याकडे पाठ करून उभी होती. तिनं इष्टलिंग डोळ्यांना लावलं, डाव्या मुठीत धरलं, पदर पलंगावर टाकला आणि चोळीची गाठ सोडून ती वळली.

उजवी बाजू सपाट होती. काखेपासून बरगडीपर्यंत कातडी आवळून शिवल्यासारखी, घाईत घातलेल्या टिपेसारखी वाकडी. अंजूनं बघितलं आणि तिला नजर हलवता येईना. सिद्धम्मानं चोळीतून जुन्या लुगड्याच्या कापडाची एक पुरचुंडी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पुरचुंडी ऊबदार होती, जड होती. बोटांखाली दाणे हलले. ज्वारी.

अंजू मटकन ट्रंकेवर बसली. याच बाईच्या हातचं ती रोज जेवत आली होती, हिच्या दुखण्या-खुपण्यात पाय चेपत आली होती. अख्ख्या घराच्या अंगाची मापं तिच्या बोटांना पाठ, पण अक्का म्हणायची, माझं माप घेऊ नको, शालच विण. आणि अंजू निमूट शाल विणायची. एकाच छपराखाली राहून माणूस इतकं आंधळं असू शकतं, याचाच तिला धक्का बसला होता. व्रणाचा बसला त्याहून मोठा.

सिद्धम्मा चोळी घालता घालता सांगत होती, लोणचं कसं बिघडलं ते सांगावं तशा आवाजात. सिंधूचं लग्न ठरलं त्याच वर्षी गाठ लागली होती. निलंग्याच्या लोकांना कळलं असतं तर घराण्यात दुखणं आहे म्हणून त्यांनी सोयरीक मोडली असती. म्हणून डोळ्यांचं ऑपरेशन आहे असं सांगून ती सोलापूरकडं गेली. मडिवाळप्पा सोबत होते, त्यांच्याशिवाय कुणाला पत्ता नाही. लग्न पार पडलं. मग सांगायची वेळ निघूनच गेली.

"आधी चिंध्या भरले. मग कापूस. त्यो गळ्यापतूर वर यायचा. मग ह्यांनी म्हणले, वजन पाहिजे, ज्वारी भर. हे आडतीवरून येताना टपोरी बघून, खडे निवडून आणायचे. दर आठवड्याला. घामानं वास मारती, बदलावं लागतंय." ती जरा थांबली. "एका पावसाळ्यात देवणीला लग्नाला गेलतो. दिवसभर वल्ल्यात बसणं. घरी येऊन सोडून बघते, तर मोड आल्याले. पांढरे पांढरे कोंब."

अंजूच्या तोंडून हसू फुटलं. ते कसं आलं तिलाच कळलं नाही. ती घाबरून तोंडावर पदर दाबू लागली आणि वर बघितलं तर सिद्धम्माचेही ओठ थरथरत होते. दोघी हसल्या. दार बंद, कडी लावलेली, आणि दोघी जावा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. अंजूचं ते पाणी मग हसणं संपल्यावरही थांबेना.

त्याच दुपारी अंजूची टेप पहिल्यांदा सिद्धम्माच्या छातीभोवती फिरली. वजनाचं काय करावं याचा तिनं विचार केला. ज्वारी नको, ती कुजते. तोरणाला लावायचे काचेचे मणी घरात पडून होते. ते एका छोट्या थैलीत शिवून तिनं कापसाच्या तळाशी ठेवले, म्हणजे धुता येईल आणि खाली बसून राहील. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. सिद्धम्मानं ते घालून पडवीपर्यंत एक फेरी मारली, परत आली, आणि म्हणाली, "गरम हुईना." अंजूला तिच्याकडून आजवर मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी होती.

पुढच्या महिन्यात साक्षी तयार झालेले न्यायला आली. यावेळी सिद्धम्मा पडवीत खुर्ची टाकून बसली होती आणि तिनं स्वतःहून साक्षीला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज थोडा चढलेला होता, जणू कुणी हरकत घेईल म्हणून आधीच दामटत होती. साक्षीनं ऐकून घेतलं, आणि नर्सच्या सवयीनं विचारलं, "अक्का, सिंधूताईंनी तपासून घेतलं ना? आईला झालेलं असलं की मुलीनं वेळच्या वेळी बघून घ्यायला पाहिजे."

सिद्धम्मानं साक्षीकडं बघितलं. "पोरीला बी व्हतंय?"

"होतंच असं नाही. पण होऊ शकतं. लवकर कळलं तर काही भीती नाही."

मडिवाळप्पा वारले आणि फुलांनी सजवलेल्या विमानात बसवून त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हाही सिद्धम्माचा चेहरा अंजूनं ढळलेला बघितला नव्हता. आज तो राखेसारखा झाला. जिच्या लग्नासाठी तिनं तोंड शिवून घेतलं होतं, तीच लेक इतकी वर्षं काही ठाऊक नसताना संसार करत होती. हा हिशेब तिच्या डोक्यात कसा उतरत गेला ते अंजूला समोर दिसत होतं. सिद्धम्मा खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"मल्लेशला सांग, गाडी काढ."

निलंग्याला ते न कळवता गेले. सिंधू दारात आली आणि आईला बघून घाबरलीच, कुणी गेलं की काय. सिद्धम्मा तिला घेऊन आतल्या खोलीत शिरली. बाहेर अंजू सिंधूच्या सासूबरोबर बसली. सासू तशी करारी, जाडजूड, आडकित्त्यानं सुपारी कातरत होती. मल्लेश गाडीपाशीच थांबला होता. चहा आला, गार झाला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग सिंधूचा आवाज आला, रडवा नाही, नुसता हबकलेला.

"म्हणून तू मला लग्नापासनं कधी जवळ घेतलं न्हाईस?"

सिद्धम्मा काय म्हणाली ते अंजूला ऐकू आलं नाही.

दार उघडलं. सिंधूचे डोळे लाल होते. ती सरळ सासूसमोर येऊन उभी राहिली आणि आईला काय झालं होतं, का लपवलं होतं, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. मागं उंबऱ्यात सिद्धम्मा. याच बाईच्या भीतीनं एवढं सगळं झालं होतं.

सासूनं आडकित्ता खाली ठेवला. "एवढंच व्हय?" ती म्हणाली. "माझ्या थोरल्या बहिणीचं बी काढल्यालं होतं. धा वर्षं चांगली जगली. सांगितल्या असत्या तर म्या सोबत आले असते की, इहीणबाई."

सिद्धम्मा भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. जे दार इतकी वर्षं दोन्ही हातांनी दाबून धरलं, त्याला पलीकडून कुणी ढकलतच नव्हतं.

लातूरला सिंधूची तपासणी झाली आणि गाठ निघाली. हरभऱ्याच्या डाळीएवढी, हाताला न लागणारी, यंत्रातच दिसणारी. सिंधूनं पुढं काय करायचं ते विचारून घेतलं, पण सिद्धम्मा डॉक्टरांच्या टेबलाकडं अशी बघत राहिली जशी तिनंच ती गाठ तिथं आणून ठेवली होती. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत सिंधू उदगीरला येऊन राहिली.

त्या दिवसांत एका सकाळी सिद्धम्मा पूजा आटोपून अंजूजवळ आली आणि खाली बसली. "मला शिकव," ती म्हणाली. "सिंधूचं म्या करीन."

अंजूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण सिद्धम्मानं हात पुढं केला होता. भाकरी थापून थापून राठ झालेली ती बोटं क्रोशाची सुई उलथन्यासारखी धरत. दोरा कधी आवळला जाई, कधी सैल पडे. फेरी पूर्ण झाली की टाके कमी भरत, मग ती धागा ओढी आणि सगळं उसवून टाकी. अंजूनं मदतीला हात पुढं केला की तिच्या मनगटावर चापट बसे. सिंधू शेजारी बसून आईकडं बघत राही. एकदा सिद्धम्मानं विणता विणताच विचारलं, दुखतंय का? सिंधू म्हणाली, न्हाई.

अखेरीस एक तयार झाला. एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला बसलेला, टोक जरा खालीच झुकलेलं. सिद्धम्मानं त्यात काचेचे मणी घातले, धुतला, उन्हात वाळवला आणि ऑपरेशनच्या दिवशी पांढऱ्या रुमालात बांधून दवाखान्यात नेला.

अंजू, मल्लेश आणि सिद्धम्मा बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर आले आणि म्हणाले, वेळेवर आलात. गाठ लहान होती, आजूबाजूला पसरलेली नाही. तेवढाच भाग काढला आहे, बाकी सगळं तसंच आहे. आता काही दिवस रेडिएशनचे शेक द्यावे लागतील, औषधं घ्यावी लागतील.

सिद्धम्माला आधी समजलंच नाही. तिनं मल्लेशला विचारलं, मल्लेशनं अंजूकडं बघितलं, आणि अंजूनं सांगितलं, अक्का, सिंधूचं काढलं न्हाई. तसंच हाय. सिद्धम्मानं मांडीवरचा रुमाल दोन्ही हातांनी गच्च दाबला. ती वाकली, इतकी की तिचं कपाळ रुमालाला टेकलं, आणि तशीच बराच वेळ राहिली. मल्लेश उठून पाणी आणायला गेला तो बाटली न घेताच परत आला.

सरळ होऊन बसल्यावर ती म्हणाली, "मंजी हे उगाच विणले."

शेक संपले, सिंधू निलंग्याला परत निघाली. गाडीत बसताना सिद्धम्मानं तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला. तिचे हात कुठं जावेत तेच तिला ठरवता येईना. एक हात सिंधूच्या खांद्यावर, दुसरा हवेतच, मधे लिंगाचा चौका. सिंधूनंच मग आईला धरलं. ते काही फार देखणं झालं नाही. सवय नव्हती ना.

यानंतर घरात बायका येऊ लागल्या. साक्षी पाठवायची. कुणी नांदेडकडून, कुणी इकडच्याच खेड्यांतून. मल्लेशला आता त्याची सवय झाली होती. दारात अनोळखी चपला दिसल्या की तो खाकरून परस्पर मागच्या दारानं आत येई. सिद्धम्मा कुणाची वाट न बघता पहिलंच वाक्य बोलून टाकायची, माझं बी काढल्यालं हाय. येणारीच्या चेहऱ्यावर जो धक्का उमटे तो अंजूला ओळखीचा होता. आपण ट्रंकेवर मटकन बसलो होतो तो.

देवणीची तुळजाबाई आली तेव्हा दिवाळी झाली होती. तिशीतली असेल, घरी गाई होत्या, दूध डेअरीला घालायची. आली ती पदराचं टोक मुठीत घेऊनच बसली. चहाचा कप एका हातानं उचलला, पण मूठ सोडली नाही. सिद्धम्मानं आपलं वाक्य सांगितलं. तुळजाबाईनं तिच्या इरकलीकडं, चेहऱ्याकडं, पुन्हा इरकलीकडं बघितलं आणि तिची मूठ सैल झाली.

अंजूनं सूप पुढं ठेवलं. त्यात तिचे दोन होते, रेखीव, टाक्याला टाका लागलेले. त्यांच्या शेजारी तो तिसरा वाकडा कुणी ठेवला होता कुणास ठाऊक. बहुधा सिद्धम्मानंच. अंजूला तो काढून घ्यावा असं वाटलं, पण तुळजाबाईनं आधी रेखीव दोन्ही उचलून बघितले, मान हलवली, खाली ठेवले, आणि वाकडा उचलला. दाबला. आतले मणी हलले. तिनं तो पदराआड नेऊन छातीशी लावून बघितला.

"हे घेते," ती म्हणाली.

अंजू घाईनं म्हणाली, "तो नको बाई, तो फसलाय. अक्कांनी शिकताना केलता. मी तुम्हाला दुसरा चांगला करून देते."

तुळजाबाई लाजली, पण तिनं तो खाली ठेवला नाही. "ते दोन लई नवे दिसत्यात," ती म्हणाली. "दोन लेकरं अंगावर पिल्यावर असलं कुणाचं राहतंय? हेच खऱ्यावानी हाय."

मग सिद्धम्मा हसली. पदर सुटला तरी तिनं तो सावरला नाही. मागच्या दारानं आत येऊ पाहणारा मल्लेश तो आवाज ऐकून तिथंच थबकला. थोरल्या वहिनीचं असलं हसणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. काय झालं ते विचारायची त्याची छाती झाली नाही आणि आल्या पावली तो मोंढ्याकडं परत गेला.

तुळजाबाई गेल्यावर अंजू कप उचलत होती. तिला अजून ते पचलं नव्हतं. इतकी वर्षं टाक्याला टाका जुळवण्यात ती स्वतःला मोठी समजत आली होती, आणि आज तिचे दोन्ही मागं पडले होते. राग येत नव्हता, नुसतंच आश्चर्य वाटत होतं. सिद्धम्मानं तोवर गव्हाळ दोऱ्याचं टोक शोधून साखळीचं कडं करायला घेतलं होतं. चष्मा नाकावर सरकवत तिनं विचारलं, फेरीला किती वाढवायचे म्हणालीस?

"सहा, अक्का."

"सहाच म्हणालतीस की न्हाई मागं बी? मग माझं वाकडं कसं झालं?"

अंजूनं खरं ते सांगितलं, तुम्ही मोजत नाही. सिद्धम्मानं हुंकार दिला आणि न मोजताच पुढची फेरी सुरू केली.